लग्नानंतरचं आडनाव आणि जोडीदाराचा व्हिसा: गोव्यातून वारंवार येणारे प्रश्न

फोंड्याला मी अर्ज भरून देण्याचं काम करते. पासपोर्ट, व्हिसा, दाखले, जे येईल ते. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडची लग्नं सुरू होतात, आणि महिनाभरात माझ्या फोनवर तेच ते प्रश्न यायला लागतात. नवरा परत कामावर गेलेला असतो, मुलगी इथे सासरी किंवा माहेरी, आणि मधे एक पासपोर्ट, ज्यावरचं नाव कुणाला बदलायचंय तर कुणाला नाही. दर वेळी नव्याने लिहिण्यापेक्षा उत्तरं इथे एकत्र करून ठेवली आहेत. बहुतेक जण अमेरिकेचं विचारतात म्हणून उदाहरणंही तिथलीच. पोर्तुगालवाल्यांनी थेट प्रश्न १३ वर जावं.

१. लग्न झालं म्हणजे आडनाव बदलायलाच हवं का? निदान व्हिसासाठी तरी?

नाही. भारतात कुठलाही कायदा लग्नानंतर आडनाव बदलायची सक्ती करत नाही. लग्नानंतर बायकांना पासपोर्टवरचं नाव बदलायची गरज नाही, हे २०१७ साली पंतप्रधानांनीच जाहीर केलं होतं. अमेरिकेच्या व्हिसासाठी तुमचं नातं सिद्ध होतं ते लग्नाच्या दाखल्याने, आडनावाने नव्हे. "आडनावं वेगळी दिसली की ते संशय घेतात" असं सांगणारा एक तरी मामा प्रत्येक घरात असतो. मुंबईच्या वकिलातीत वेगळ्या आडनावांची जोडपी रोज येतात, त्यात त्यांना काही नवल नाही.

माझं मत विचाराल तर, नाव बदलायची मनापासून हौस नसेल तर बदलू नका. अर्धं काम तिथेच वाचतं.

२. गोव्यात लग्नाची नोंद झाली की नाव आपोआप बदलतं ना?

नाही बदलत. सिव्हिल रजिस्ट्रारकडचा दाखला, अमुक नावाच्या मुलीचं तमुक नावाच्या मुलाशी लग्न झालं, एवढंच सांगतो. त्यात तुमचं जुनंच नाव असतं आणि ते तसंच असायला हवं. हा दाखला म्हणजे जुन्या आणि नव्या नावामधला पूल. पासपोर्ट, आधार, पॅन, बँक, सगळीकडे तो दाखवून नाव वेगवेगळं बदलून घ्यावं लागतं. कुठे एकीकडे बदललं म्हणून दुसरीकडे कळत नाही. प्रमाणित प्रती चार-पाच काढून ठेवा.

३. आमची पहिली सही झालीय, हॉलमधलं लग्नही झालं. नवऱ्याला आता अर्ज घालता येईल का?

दुसरी सही झाल्याशिवाय नाही. गोव्यात लग्नाची नोंद दोन टप्प्यांत होते. पहिल्या सहीला तुम्ही लग्न करणार असल्याचं रजिस्ट्रारपुढे सांगता. मग हरकती मागवण्यासाठी मुदत जाते आणि दुसऱ्या सहीला लग्न पक्कं होतं. पहिल्या सहीचा कागद हातात असला तरी तुम्ही कागदोपत्री अविवाहितच. त्यावर पत्नी म्हणून आय-१३० (अमेरिकेतल्या नवऱ्याने बायकोला तिथे नेण्यासाठी घालायचा अर्ज) घालणं म्हणजे चुकीची माहिती देणं.

दोन आठवड्यांची रजा काढून आलेले नवरे इथेच अडकतात. पत्रिका छापायच्या आधी, निदान तिकीट काढायच्या आधी, मधली मुदत किती लागेल ते तालुक्याच्या रजिस्ट्रारकडे विचारून घ्या.

तारखेचाही घोळ होतो. अर्जात लग्नाची तारीख विचारली की बायका अक्षता पडल्या ती तारीख लिहितात, आणि दाखल्यावर दुसरीच असते. अर्जात दाखल्यावरचीच तारीख जाते. हॉलमधले फोटो वेगळ्या दिवसाचे असतील तर मुलाखतीत तसं सरळ सांगा.

लग्न सावंतवाडी-कुडाळकडे झालं असेल तर दाखला महाराष्ट्राचा, आणि तिथे या दोन सह्यांची भानगड नाही.

४. आधी काय करू, नाव बदलू की व्हिसा घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त उशिरा येतो. उत्तर असं: नाव बदलायचं तर पहिला अर्ज जायच्या आधी बदला, नाहीतर तिथे पोचून स्थिरस्थावर झाल्यावर बदला. मधे हात लावू नका.

कारण साधं आहे. व्हिसाच्या कामात तुमचं नाव म्हणजे पासपोर्टवरचं नाव. तेच आय-१३० वर जातं, तेच डीएस-२६० (कायम राहायला जाणाऱ्यांचा व्हिसा अर्ज) किंवा डीएस-१६० (तात्पुरत्या व्हिसाचा अर्ज) वर, तेच मेडिकलच्या कागदावर, पोलीस क्लिअरन्सवर (गुन्हा नसल्याचा दाखला), विमानाच्या तिकिटावर आणि शेवटी व्हिसावर. पोलीस क्लिअरन्सवर तर पासपोर्ट नंबरसुद्धा छापलेला असतो. ही माळ सुरू झाल्यावर मधला एक मणी बदलला की आधीचे सगळे मणी समजावून सांगत बसावं लागतं.

नवरा एच-१बी वर (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) असेल आणि तुम्हाला एच-४ वर (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा) लवकर जायचं असेल तर माहेरच्या नावाने जा. त्यात कमीपणा काही नाही. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर काम तसंही महिनोन् महिने चालणार. मग तो त्याचे कागद गोळा करतोय तेवढ्यात पासपोर्ट बदलून घ्यायला वेळ मिळतो. पण पासपोर्ट हातात आल्याशिवाय त्याला आय-१३० पाठवू देऊ नका. "नंतर अपडेट करू" म्हणणाऱ्या नवऱ्यांचे अपडेट माझ्याकडे येतात, म्हणून सांगते.

५. पासपोर्टवर आडनाव बदलायला काय लागतं?

नाव दुरुस्त करून मिळत नाही, नवा पासपोर्टच काढावा लागतो. ऑनलाइन अर्जात 'री-इश्यू' निवडायचं आणि कारण म्हणून वैयक्तिक माहितीतला बदल. सोबत लग्नाचा दाखला आणि जुना पासपोर्ट. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २०००. वैधता पुन्हा नव्याने १० वर्षांची.

पणजीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात टोकन घेऊन ए, बी, सी अशा तीन काउंटरवरून जावं लागतं. 'ए'वर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. अडतं ते बहुतेक 'बी'वर, कारण तिथे कागद पडताळतात आणि आधारवरचं नाव एक, अर्जातलं दुसरं असं निघतं. म्हणून आधार आधी बदलून घेतलेलं बरं. त्याबद्दल प्रश्न ११ पाहा. नंतर पोलीस पडताळणी होते. त्या वेळी तुम्ही माहेरी आणि अर्जात पत्ता सासरचा, असं करू नका.

६. अर्जात मधलं नाव कुठे लिहू? वडिलांचं काढून नवऱ्याचं घालावंच लागेल का?

आपल्याकडे आडनाव बदलतं म्हणजे खरं तर दोन नावं बदलतात. समजा पासपोर्टवर पहिल्या रकान्यात 'स्नेहल रमेश' आणि आडनावाच्या रकान्यात 'नाईक' आहे. लग्नानंतर मुली सरळ 'स्नेहल अमित' आणि 'गावकर' लिहून मोकळ्या होतात. इथे कुणाला काही वाटत नाही. अमेरिकेत मात्र पहिल्या रकान्यातलं सगळं तुमचं स्वतःचं नाव धरतात. मग दवाखान्यात "स्नेहल अमित" म्हणून पुकारा होतो, नाहीतर 'अमित' हे तुमचं मिडल नेम होऊन बसतं. वरून नवराही अमितच. कागद हाताळणाऱ्याला वाटतं, चुकून एकाचं नाव दुसऱ्याच्या अर्जात पडलं.

हे बेकायदेशीर नाही आणि याने व्हिसा नाकारत नाहीत. फक्त पुढची वीस वर्षं समजावून सांगावं लागतं. तुम्ही जे भराल तेच छापून येणार, म्हणून घरी बसून कागदावर दोन्ही रकाने लिहून पाहा, नवऱ्याला दाखवा, मगच फॉर्म भरा.

आडनावाचा रकाना रिकामा ठेवून अख्खं नाव पहिल्याच रकान्यात असलेले पासपोर्टही येतात. तसा असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर सगळं नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. आडनाव बदलत नसाल तरी हा दोष मात्र व्हिसाच्या आधी दुरुस्त करा.

७. लग्नात माझं पहिलं नावच बदललंय. तेही दाखल्यावरून होईल का?

नाही होणार. ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साखर वाटली, पण सरकारला त्यातलं काही कळलेलं नसतं. लग्नाच्या दाखल्याने आडनावाचा बदल पटतो, 'स्नेहल'ची 'वैदेही' झाल्याचं पटत नाही. पहिलं नाव बदलायला गोव्यात १९९० चा नाव आणि आडनाव बदलाचा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली रीतसर प्रक्रिया करावी लागते. वेळ लागतो, आणि व्हिसा अधिकाऱ्याच्या दृष्टीने तुम्ही वेगळीच व्यक्ती वाटायला लागता.

तांदळातलं नाव तांदळात राहू द्या. सासूबाईंना हवं तर घरात त्या नावाने हाक मारतील.

८. नवऱ्याच्या आडनावाचं स्पेलिंग त्याच्या कागदांवर दोन-तीन प्रकारचं आहे. मी कुठलं घेऊ?

हे खास गोव्याचं दुखणं. पोर्तुगीज काळच्या दाखल्यात शिरोडकर 'एक्स'ने सुरू होतो आणि त्यात 'के'च्या जागी 'सी' असतो. नाईकच्या शेवटी 'क्यू-यू-ई' येतं. देसाईत 'एस' दोन. मुलाच्या जन्मदाखल्यात आजोबांचं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यात मास्तरांचं, आणि पासपोर्टवर एजंटचं.

तुम्ही घ्यायचं ते नवऱ्याच्या सध्याच्या पासपोर्टवरचं. अमेरिकेतले त्याचे सगळे कागद त्याच स्पेलिंगचे असणार. अडचण तेव्हा येते, जेव्हा लग्नाच्या दाखल्यावर त्याचं नाव जन्मदाखल्याप्रमाणे उतरलेलं असतं. तेव्हा आधी रजिस्ट्रारकडे त्याची दुरुस्ती किंवा तशी नोंद करून घ्यायची, मग पासपोर्ट. दुसऱ्या सहीच्या दिवशी सही ठोकायच्या आधी नोंदीतलं एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. त्या दिवशी सगळ्यांना जेवायला जायची घाई असते, हे मला माहीत आहे.

सासू-सासऱ्यांचा जुना जन्मदाखला पोर्तुगीजमध्ये असेल आणि तो कुठल्या अर्जाला जोडायचा असेल, तर अमेरिकेसाठी पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र लागतं.

९. आय-१३० माहेरच्या नावाने जाऊन सहा महिने झाले. आता पासपोर्ट नव्या नावाने काढला. संपलं का सगळं?

संपलं नाही, वाढलं. आय-१३० पुन्हा घालायची गरज नाही. पुढचा टप्पा नॅशनल व्हिसा सेंटरचा, म्हणजे मुलाखतीआधी कागद गोळा करणाऱ्या अमेरिकेच्या कार्यालयाचा असतो. तिथे नवा पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला अपलोड करायचा आणि नाव बदलल्याचं कळवायचं. डीएस-२६० अजून भरला नसेल तर नव्या नावाने भरा आणि 'इतर वापरलेली नावं' या रकान्यात जुनं नाव न विसरता लिहा. भरून झाला असेल तर तो पुन्हा उघडून देण्याची विनंती करावी लागते. पोलीस क्लिअरन्स जुन्या पासपोर्टवर घेतलेला असेल तर नव्यावर पुन्हा घ्या. मुलाखतीला मुंबईत जाताना दोन्ही पासपोर्ट आणि दाखल्याची मूळ प्रत न्या.

एच-४ चं असेल तर सोपं आहे. डीएस-१६० नव्याने भरायचा, कारण जुन्यात जुना पासपोर्ट नंबर आहे, आणि अपॉइंटमेंटच्या खात्यात तो बदलायचा.

१०. व्हिसा जुन्या पासपोर्टवर माहेरच्या नावाचा आहे, नवा पासपोर्ट सासरच्या नावाचा. प्रवास करता येईल?

नव्या पासपोर्टासाठी दिलेला जुना पासपोर्ट रद्द करून, कोपरा कापून परत देतात. त्यावरचा व्हिसा मात्र शाबूत असतो. दोन्ही पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला हातात ठेवून लोक प्रवास करतात. तरी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा सल्ला असा की नाव बदललं असेल तर नव्या पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यावा, जाणं-येणं सोपं जातं.

याहून मोठी फजिती तिकिटाची होते. माझ्याच लग्नानंतर पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही माहेरच्या नावाचे होते. तिकीट दिराने प्रेमाने काढलं, सासरच्या आडनावाने. दाबोळीला काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिला, स्क्रीन पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाली, "या कोण?" मागे रांगेत सासरे, बारा माणसं निरोपाला, आणि माझ्या हातात लग्नाचा दाखला नव्हता. तो बॅगेत, बॅग पट्ट्यावर. तिकीट बदलून घेतलं तेव्हा मूळ तिकिटाच्या निम्मे पैसे पुन्हा गेले. तेव्हापासून मी तिकीट काढणाऱ्याला पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवते, नाव टाइप करून पाठवत नाही.

११. आधार, पॅन, बँक यांचा क्रम काय? सगळं एकदम बदलू का?

पासपोर्ट बदलणार असाल तर आधी आधार, मग पासपोर्ट, मग पॅन आणि बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे स्पेलिंगचा प्रयोग तिथे करू नका. पॅनचा नंबर तोच राहतो, नाव बदलतं.

गोवेकरांसाठी पॅनचं एक जास्तीचं आहे. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे नवरा-बायकोची मिळकत समाईक धरतात, आणि आयकराच्या नियमाप्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं वाटून दाखवावं लागतं. त्यासाठी नवऱ्याच्या विवरणपत्रात बायकोचं नाव आणि पॅन जातं, तिच्या विवरणपत्रात त्याचं. एकाने जुनं लिहायचं आणि दुसऱ्याने नवं, असं होऊ देऊ नका.

पदवी आणि दहावी-बारावीचे दाखले बदलायचे नाहीत. ते जुन्या नावाचेच राहतात, जोडीला लग्नाचा दाखला द्यायचा.

१२. नोटरीकडे शपथपत्र केलं तर चालेल ना? दोन्ही नावांची व्यक्ती मीच, असं?

शपथपत्र आधाराला म्हणून चालतं, पर्याय म्हणून नाही. बँकेत, गॅस एजन्सीत त्यावर काम होईल. पासपोर्टवरचं नाव त्याने बदलत नाही आणि वकिलातीत मूळ दाखल्याच्या जागी ते दिलं तर परत देतील.

१३. नवरा पोर्तुगीज पासपोर्टवाला आहे. आमच्यासाठी हेच नियम का?

नाहीत, आणि इथे मी जरा आग्रहाने सांगते: लग्नानंतर भारतीय पासपोर्टवर नाव बदलू नका. तुमचं लग्न पोर्तुगालच्या नोंदीत चढवावं लागतं, आणि तिथे तुमची ओळख जन्माच्या नावाने चालते. पोर्तुगीज कायद्यात जोडीदाराची जास्तीत जास्त दोन आडनावं आपल्या नावाला जोडता येतात. जोडता येतात, स्वतःचं टाकून दुसरं घ्यायचं असा तो प्रकार नाही. आपण मात्र वडिलांचं नाव आणि आडनाव दोन्ही पुसतो. मग एका देशात 'स्नेहल रमेश नाईक' आणि दुसऱ्या देशात 'स्नेहल अमित गावकर', आणि जन्मदाखला तिसरंच बोलतो.

गोव्यातले दाखले तिथे वापरायला अपोस्टिल (दाखला परदेशात चालावा म्हणून सरकारकडून घ्यायचा शिक्का) लागतं, अमेरिकेच्या व्हिसाला लागत नाही. आणि तुम्ही स्वतः पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंत तर भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी जातं, नाव काहीही असो. एक पासपोर्ट कपाटात ठेवून दुसरा वापरायचा विचार करू नका.

१४. सून परदेशी आहे, इथेच राहणार. तिने आमचं आडनाव घेतलं पाहिजे का?

व्हिसासाठी नाही. तिचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहण्यासाठी मिळणारं) तिच्या देशाच्या पासपोर्टवरच्या नावाने निघतं. भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला ओसीआय मिळायला लग्नाची नोंद होऊन ते सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. तोवर ती व्हिसावर राहते, आणि व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. तिला नाव बदलायचंच असेल तर आधी तिच्या देशात, मग इथे.

१५. अमेरिकेत पोचले. आता आडनाव बदलायचं आहे.

आता बदला. ग्रीन कार्ड व्हिसावरच्या नावाने येतं. आधी सोशल सिक्युरिटी कार्ड बदला. गोव्याचा लग्नाचा दाखला तिथे चालतो आणि शुल्क नाही. ग्रीन कार्डवर बदलायला आय-९० भरावा लागतो, त्याला शुल्क आहे. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पोचला असाल तर कार्ड दोन वर्षांचं, सशर्त असतं, आणि मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत ती अट काढण्याचा अर्ज, आय-७५१, भरावाच लागतो. पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही नाव बदलायची सोय आहे, त्यामुळे घाई नसलेल्या मुली तिथपर्यंत थांबतात. मात्र हे सगळं होत असताना भारतीय पासपोर्टवर जुनं नाव राहिलं, तर गोव्याला यायचं तिकीट त्याच जुन्या नावाने काढायचं, हे प्रश्न १० मधल्या दिराला सांगून ठेवा.

१६. बाळ होणार आहे. त्याच्या दाखल्यावर माझं कुठलं नाव लिहू?

त्या दिवशी तुमच्या पासपोर्टवर असेल ते. बाळाच्या पासपोर्टच्या अर्जात आईचं नाव जन्मदाखल्याशी जुळवतात. इस्पितळातला फॉर्म बहुतेक वेळा आजी भरते आणि सवयीने सासरचं नाव लिहिते. तो कागद नोंदणीला जायच्या आधी एकदा हातात घ्या.

१७. कागदावर माहेरचं नाव ठेवलंय, पण बचत गटात, फेसबुकवर, पत्रिकांवर सगळीकडे सासरचं. अर्जात ते सांगावं लागतं का?

हो. अमेरिकेच्या अर्जांत 'इतर वापरलेली नावं' असा रकाना असतो, त्यात ते लिहा. लपवायचं कारण नाही आणि लिहिल्याने नुकसानही नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने तो रकाना कोरा ठेवला होता. सोबत जोडलेल्या लग्नाच्या पत्रिकेवर, दोघांच्या बँकेच्या पासबुकावर आणि नणंदेच्या बारशाच्या आमंत्रणावर मात्र तिचं सासरचं नाव ठसठशीत छापलेलं. आम्ही टेबलावरच तो रकाना भरला, आणि तांदळातलं नावही लिहिलं, कारण पासबुकावर तेही होतं.